विचारा, सांगते: चांदी काळी पडते तेव्हा

मागच्या अंकात दागिन्यांच्या दुरुस्तीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, "घरी चांदी उजळताना जरा जपून." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा महिना मी चांदीलाच दिला आहे. ३१ वर्षं मी दुरुस्तीच्या टेबलाशी बसले. नवा दागिना घडवणाऱ्याचं काम वेगळं. माझ्याकडे यायचं ते तुटलेलं, वाकलेलं, काळं पडलेलं आणि बऱ्याचदा घरी उजळायला जाऊन बिघडलेलं. त्यामुळे माझ्या उत्तरांत "हे करू नका" जरा जास्त येईल, ते समजून घ्या.

आधी एक गोष्ट, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. चांदीवरचा काळा थर हा बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. हवेत अगदी थोडा गंधकयुक्त वायू असतो, त्याच्याशी वरच्या चांदीचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. त्या काळ्या थराच्या वजनात ८७ टक्के चांदी असते, तीही तुमच्याच दागिन्याची. पुसायच्या कापडावर काळं उतरलं की आपल्याला बरं वाटतं, निघाला एकदाचा मळ! मला मात्र त्या कापडावर चांदी दिसते. म्हणून घासायची वेळ कमीत कमी यावी आणि आलीच तर हलक्या हाताने भागावं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

माझ्या अंगठीच्या आत ९२५ असा शिक्का आहे, सोबतच्या चिठ्ठीवर स्टर्लिंग सिल्व्हर लिहिलंय. तरी दोन महिन्यांत ती आधी पिवळसर आणि मग तपकिरी झाली. हीण जास्त असेल का? माझी फसवणूक झाली का?

फसवणूक झाली असं नुसत्या रंगावरून म्हणता येणार नाही. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. उरलेले ७५ भाग बहुतेक वेळा तांबं असतं. ही भेसळ नाही, हे मिश्रण मुद्दाम केलेलं असतं. शुद्ध चांदी फार मऊ. तिची अंगठी केली तर दाराच्या कडीवर हात आपटला तरी चेपेल, आणि खडा धरून ठेवणाऱ्या नख्या वर्षभरात सैल पडतील. तांब्याने तिला ताठपणा येतो. इंग्लंडमध्ये चांदीचं हे प्रमाण शेकडो वर्षांचं आहे. तिथली चांदीची नाणी १९२० पर्यंत याच कसाची होती आणि अस्सल स्टर्लिंगवर चालत्या सिंहाचा शिक्का मारायला १५४४ मध्ये सुरुवात झाली.

आता काळं पडण्याचं. शुद्ध चांदीही काळी पडते. तांब्यामुळे ते थोडं लवकर होतं एवढंच. दमट हवा, घाम, आणि वापरात येणारी काही द्रव्यं यांनी वेग वाढतो. केस काढायच्या क्रीममध्ये गंधकाची संयुगं असतात, मुरमांवरच्या काही साबणांत आणि मलमांत तर गंधकच असतो. उकडलेलं अंडं सोलणं, कांदा चिरणं यानेही फरक पडतो. अंगठी घालून यातलं काही करत असाल तर दोन महिन्यांत तपकिरी होणं मुळीच नवल नाही.

रंग मात्र नीट बघून ठेवा. सल्फाइडचा थर अगदी पातळ असतो तेव्हा पिवळसर दिसतो, जाड होत गेला की तपकिरी, मग जांभळट निळा आणि शेवटी काळा. तुमच्या डोळ्यांना पिवळी झाक दिसली तेव्हाच अंगठी मऊ कापडाने पुसली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तपकिरीवरही वेळ गेलेली नाही. पुढे साबणाच्या पाण्याची पद्धत सांगितली आहे, ती करा आणि मग कापडाने उजाळा द्या.

मावशी, मी ॲल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी असा उपाय केला. माझ्या गळ्यातल्या पदकावर फुलांची खोदीव नक्षी होती, पाकळ्यांच्या खाचांत काळी छटा होती. पाण्यातून काढलं तर सगळं एकसारखं पांढरं फटक! नक्षी दिसतच नाही. आणि अंडं सडल्यासारखा वास आला. काय चुकलं?

तुमच्या पत्राबरोबरचा फोटो मी बराच वेळ बघत होते. वाईट वाटलं, कारण तो काळेपणा पदक घडवणाऱ्याने मुद्दाम दिलेला होता.

काय घडलं ते सांगते. काळ्या थरात चांदी आणि गंधक एकमेकांना धरून असतात. ॲल्युमिनियमला गंधकाची ओढ चांदीपेक्षा जास्त. सोड्याच्या गरम पाण्यात फॉइल आणि दागिना एकमेकांना टेकले की गंधक चांदीला सोडतो आणि ॲल्युमिनियमकडे जातो. चांदी जागच्या जागी मोकळी होते. तुम्हाला आला तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. ज्या वायूने चांदी काळी केली तोच निघताना पुन्हा थोडा पाण्यातून वर येतो. म्हणून हे काम खिडकी उघडी ठेवूनच करायचं आणि टोपावर वाकून बघत बसायचं नाही.

या उपायात चांदी घासली जात नाही. हा त्याचा मोठा गुण आणि तो मी मान्य करते. पण त्याला बऱ्या-वाईटाची पारख नाही. नको असलेला काळेपणा कुठला आणि नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने गंधकयुक्त द्रावणात बुडवून, मग वरचे उंचवटे पुसून, खाचांत राखलेला काळेपणा कुठला, हे पाण्याला कसं कळणार? दोन्ही सल्फाइडच. बाजारात अशा कामाला ऑक्सिडाइज्ड म्हणतात, पण तिथे ऑक्साइड नसतं, तोही हाच गंधकाचा थर. ज्या दागिन्याचं रूप अशा काळ्या-पांढऱ्या खेळावर उभं आहे, तो या पाण्यात कधीही घालू नये. कुठल्याच द्रावणात घालू नये.

आणखी एक. मोकळी झालेली चांदी जागेवर राहते खरी, पण पहिल्यासारखी घट्ट, गुळगुळीत बसत नाही. भिंगातून पाहिलं तर पृष्ठभाग बारीक सच्छिद्र दिसतो. म्हणून दागिना चमकदार होण्याऐवजी दुधी पांढरा होतो, आणि वरून कापडाने उजाळा दिला नाही तर पुन्हा लवकर काळवंडतो. पुष्कळ जण लिहितात, "उपाय केला आणि महिन्यात आधीपेक्षा काळं पडलं." कारण हेच.

मी स्वतः ही पद्धत कुठे वापरते? साध्या, बिनखड्याच्या, नक्षी नसलेल्या साखळीला. साखळीच्या प्रत्येक कडीच्या आत कापड पोचत नाही, तिथे हे पाणी पोचतं. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला फॉइल, चकचकीत बाजू वर. एक लिटर गरम पाण्यात चार मोठे चमचे सोडा. मीठ मी घालत नाही. त्याने क्रिया वेगाने होते, पण मिठाने चांदीवर डाग पडायची भीती असते. साखळी फॉइलला टेकलेली हवी, नुसती पाण्यात तरंगती नको. दोन-तीन मिनिटं पुरतात. मग वाहत्या पाण्यात चांगली खळबळायची, टिपायची आणि कापडाच्या घडीतून चार वेळा ओढून काढायची.

तुमचं पदक वाया गेलेलं नाही. चांदी, घाट, खोदकाम सगळं शाबूत आहे. चांदीचं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या आणि सांगा, "खाचांत काळी छटा परत द्या, वरचे भाग उजळ ठेवा." तासाभराचं काम आहे. घरी करायला जाऊ नका.

टूथपेस्टने चांदी लख्ख होते हे खरं ना? आमच्याकडे तर सगळे तेच करतात.

लख्ख होते. म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एकदा बघायला मिळालं तर तुम्ही पुन्हा टूथपेस्टला हात लावणार नाही. टूथपेस्टने घासलेली आरशासारखी अंगठी भिंगाखाली धरली की तिच्यावर केसासारख्या चऱ्यांचं जाळं दिसतं, उलटसुलट, सगळीकडे. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर, जिच्यात हिरा दहावर, चांदी अडीच ते तीनच्या मध्ये. पुष्कळ टूथपेस्टमध्ये सिलिकाची पूड असते, ती चांदीपेक्षा कितीतरी कठीण. ती दातांच्या कठीण कवचासाठी केलेली, मऊ धातूसाठी नव्हे. त्या चऱ्यांत पुढे घाम आणि साबण अडकतो आणि दागिना मंद दिसायला लागतो, की आपण पुन्हा घासतो. भांडी घासायची पूड, तारेची घासणी यांचं तर नावही नको.

त्याऐवजी हे करा. वाटीभर कोमट पाण्यात भांडी धुवायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. उघड्या सिंकवर नाही. खाली पसरट भांडं ठेवा आणि त्यातच काम करा. नळाखाली धुताना हातातून सटकून गेलेल्या कर्णफुलाच्या जोडीदाराला जोड करून द्यायचं काम मी किती वेळा केलं असेल! दागिना पाच मिनिटं पाण्यात राहू द्या. लहान मुलांचा, सगळ्यात मऊ केसांचा दात घासायचा ब्रश घ्या आणि खाचांतून, कोंदणाच्या मागून, अंगठीच्या आतून फिरवा. जोर लावू नका, ब्रशची टोकं वाकता कामा नयेत. काळा वाटणारा भाग निम्म्या वेळा नुसता मळच असतो, त्वचेचं तेल, क्रीम, साबण, आणि तो इथेच निघून जातो. मग स्वच्छ पाण्यातून काढा आणि लगेच मऊ सुती कापडाने टिपा. वाऱ्यावर वाळायला सोडलं तर पाण्यातल्या क्षारांचे ठिपके राहतात.

त्यानंतर जे खरोखर काळं उरेल, त्यालाच चांदी पुसायचं तयार कापड लावा. त्या कापडाच्या आतल्या थरात उजाळा देणारी अगदी बारीक पूड मुरवलेली असते आणि बाहेरचा थर साधा मऊ असतो. आधी आतला, मग बाहेरचा. गोल गोल घासायची सवय आपल्या हाताला असते, ती मोडा. एकाच दिशेने, सरळ, लांब हात. गोल घासल्याने पडलेल्या चऱ्या प्रकाशात चटकन डोळ्यात भरतात, सरळ घासलेल्या चांदीच्या अंगच्या चमकेत मिसळून जातात. कापड काळं झालं म्हणून धुऊ नका, धुतलं की मुरवलेली पूड गेली. काळं कापडही बरीच वर्षं काम देतं.

लिंबू, व्हिनेगर आणि मीठ यांच्याबद्दल तीन पत्रं आहेत, तिन्हींना एकच उत्तर: नको. आम्लाने तांबं आणि डाख दिलेले सांधे खाल्ले जातात.

मोती आणि पिरोजा असलेली चांदीची कर्णफुलं आहेत. चांदी उजळायचं बाटलीतलं तयार द्रावण मिळतं, त्यात दहा सेकंद बुडवली तर चालेल का?

दहा सेकंदही नको.

हे मी इतकं ठाम का सांगते त्याला कारण आहे. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका बाईंनी मोत्यांची जोडी दिली होती, फक्त मागचा दांडा सरळ करायला. दांडा सरळ केला. कोंदण काळं होतं, म्हटलं उजळून देऊ, त्यांना बरं वाटेल. अर्धा मिनिट द्रावणात बुडवली. चांदी झळकली आणि मोती खडूसारखे झाले. आतून येणारी ती ओली चमक गेली ती गेलीच. मोत्याचं अंग कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि ही द्रावणं आम्लयुक्त असतात. आम्लाने मोत्याचा वरचा थर विरघळला होता. मी त्या बाईंना खरं सांगितलं आणि नवे मोती बसवून दिले, पण त्यांना हवे होते ते तेच मोती. आज तीस वर्षं होत आली, मोत्याचा दागिना हातात घेतला की मला आधी त्या जोडीची आठवण होते.

मोती, पोवळं, पिरोजा, ओपल, अंबर, मॅलकाइट, हे सगळे नाजूक. काही आम्लाने खराब होतात, काही सच्छिद्र असल्याने द्रावण शोषून रंग बदलतात. पाचूच्या भेगांत बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं, ते गरम पाण्याने आणि साबणाने निघतं आणि भेगा उघड्या पडतात. आणि खडा कुठलाही असो, तो जर मागून डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असेल तर पाण्यात भिजवू नका. आवाजाच्या लहरींनी धुणारी छोटी यंत्रं आता घरोघरी आली आहेत, तीही अशा दागिन्यांना वर्ज्य.

तुमच्या कर्णफुलांसाठी: कापसाच्या काडीचं टोक पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडं पिळा, फक्त चांदीवरून फिरवा. मग पुसायच्या कापडाचा कोपरा बोटाच्या टोकावर ताणून खड्याच्या कडेकडेने चांदीला लावा. मोत्यांना शेवटी स्वच्छ, किंचित ओलसर मऊ कापड. वेळ लागेल. लागू दे.

साध्या चांदीलाही ते द्रावण मी शेवटचा उपाय म्हणूनच सांगते. त्यात सहसा थायोयुरिया हे रसायन असतं. हातमोजे घालूनच वापरायचं, आणि पोकळ दागिन्याच्या भोकातून ते आत शिरलं तर धुऊन निघत नाही, आतून खात राहतं.

मी माझे चांदीचे दागिने नीट कागदात गुंडाळून, वर रबरबँड लावून, बंद डब्यात ठेवले होते. एकदाही घातले नाहीत. तरी प्रत्येकावर मधोमध काळी रेघ! बंद डब्यात गंधक आलं कुठून?

तुम्हीच ठेवलंत. ती रेघ तुमच्या रबरबँडची आहे.

रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेलं असतं आणि त्याची संयुगं हळूहळू बाहेर पडत राहतात. कागद त्यांना अडवत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचा यावर विश्वास बसेना, म्हणून मी एकदा चांदीच्या पत्र्याचे दोन सारखे तुकडे उजळून घेतले. दोन्ही कागदाच्या तीन घड्यांत गुंडाळले. एकाला दोरा बांधला, दुसऱ्याला रबरबँड, आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवून दिले. पावसाळा सरल्यावर उघडले. दोऱ्याच्या तुकड्यावर कडेला किंचित पिवळी झाक. दुसऱ्यावर रबरबँड जिथून गेला होता तिथे, कागदाच्या तीन घड्यांमधून, पट्टीने ओढावी तशी करडी काळी रेघ, आणि दोन्ही बाजूंना फिकट होत गेलेली निळसर तपकिरी सावली. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. कुणी रबरबँडची गोष्ट काढली की बोलण्याऐवजी तोच हातात देते.

रबराच्या जोडीला लोकर, फेल्ट, वर्तमानपत्र, पुठ्ठा आणि काही कमावलेली चामडीही चांदीच्या वैरी. दागिन्यांची जुनी पेटी दिसायला सुरेख असते, पण आतलं अस्तर लोकरीचं असेल किंवा वाईट प्रतीचा डिंक वापरला असेल तर पेटीच दागिने काळे करते. रबराचे हातमोजे घालून चांदी पुसू नका. धुतलेले सुती मोजे चालतात.

ठेवायचं कसं? आधी दागिना पूर्ण कोरडा, आणि शेवटचं पुसून झाल्यावर उघड्या बोटांनी न धरलेला. बोटाचा ठसासुद्धा महिन्याभरात उमटतो. मग प्रत्येक दागिना वेगळ्या, दाबून बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या पिशवीत, हवा जमेल तेवढी काढून. पीव्हीसीचं मऊ, वास येणारं प्लॅस्टिक नको, त्यातून निघणारी द्रव्यं चांदीला त्रास देतात. पिशव्या ज्या डब्यात ठेवाल त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि काळं पडू नये म्हणून मिळणारी पट्टी ठेवा. त्या पट्टीची ताकद काही महिन्यांत संपते, तेव्हा पिशवीवर तारीख घाला. स्नानघरातल्या कपाटात दागिने ठेवणाऱ्यांनी आजच जागा बदला.

आणि एक सोपी गोष्ट: घाला. रोज वापरातली अंगठी पेटीतल्या अंगठीपेक्षा उजळ राहते, कारण कपड्यांना, हाताला घासून थर जमायलाच वेळ मिळत नाही. फक्त सुगंधी फवारा, क्रीम, केसांचा फवारा आधी, दागिना सगळ्यात शेवटी. काढताना दागिना आधी. पोहण्याच्या तलावात कधीच नाही, क्लोरीन चांदीवर फार वेगाने काम करतं. गंधकाच्या गरम पाण्याच्या झऱ्यात तर अर्ध्या तासात कडं शाईसारखं होतं.

चांदीच्या कड्याने माझ्या मनगटावर काळा पट्टा उमटतो. कधी हिरवट. चांदी खोटी असल्याची ही खूण का?

नाही. काळा पट्टा बहुतेक वेळा तोंडाला-हाताला लावायच्या पावडरीचा किंवा क्रीमचा असतो. त्यात झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असे बारीक कण असतात, ते चांदीपेक्षा कठीण. कडं हलतं, कण चांदी घासतात, आणि चांदीची इतकी बारीक पूड काळीच दिसते. हिरवा डाग मिश्रणातल्या तांब्याचा, घामाशी संयोग होऊन आलेला. दोन्ही साबणाने जातात. खाज, लाली किंवा पुरळ मात्र आलं तर कडं काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

माझी नवी साखळी मुळीच काळी पडत नाही, पण घासल्यावर काही जागी वेगळाच रंग दिसायला लागला. असं का?

तिच्यावर ऱ्होडियम या धातूचा मुलामा असावा. ऱ्होडियम काळं पडत नाही, चांदीपेक्षा थंड, पोलादी पांढरं दिसतं. मुलामा घासून काही जागी निघाला आणि खालची ऊबदार पांढरी चांदी दिसू लागली. अशा दागिन्याला आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीला उजळायचं कापड लावूच नका. साबणाचं पाणी आणि साधं मऊ कापड एवढंच. आता एकसारखं करायचं तर पुन्हा मुलामा द्यावा लागेल.

ज्यांच्या साखळीचा हूक अडकतो त्यांच्यासाठी इथेच सांगते: त्या हुकाच्या पोटातली स्प्रिंग बहुतेकदा पोलादाची असते. धुतल्यावर तो कापडात दाबून, चार-पाच वेळा उघडझाप करून कोरडा करा, नाहीतर आतून गंजतो. आणि गुंता झालेली साखळी ओढू नका. काचेवर ठेवा, गाठीवर तेलाचा एक थेंब टाका, दोन सुयांनी मधूनच सैल करा.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिचं रुंद चांदीचं कडं तेव्हापासून कपाटात आहे. पूर्ण काळं झालंय. बाहेर वेलबुट्टी आहे, आत तिच्या नावाची अक्षरं खोदली आहेत, ती आता जेमतेम वाचता येतात. मला ते घालायचं आहे. कसं उजळू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, म्हणून हे उत्तर शेवटी आणि सावकाश देते.

आधी कडं खिडकीशी नेऊन बघा. रुंद कड्याच्या वेलबुट्टीवर वर्षानुवर्षांच्या वापराने काही जागा गुळगुळीत होतात. बहुधा मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ते टेबलाला, कपड्यांना टेकत असतं. ती झीज तुमच्या आईच्या हाताची आहे. कुणी "नवंकोरं करून देतो" म्हणालं तर यंत्राच्या चाकावर ती झीज आणि उरलेली वेलबुट्टी दोन्ही सपाट होतील. चाकावर देऊ नका.

फॉइल आणि सोडा नको, द्रावण नको. आधी नुसतं साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, वर सांगितलं तसं. टिपून दिवसभर कोरडं होऊ द्या. मग उजळायचं कापड बोटावर घट्ट ताणा आणि वेलबुट्टीच्या फक्त वरच्या पाठीवरून फिरवा, कड्याच्या लांबीच्या दिशेने. खाचांत बोट घालू नका. अकरा वर्षांचा थर एका बैठकीत निघणार नाही आणि काढायचाही नाही. दहा मिनिटं करा, ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं. तीन-चार दिवसांत वेल उजळून वर येईल आणि पानांच्या भोवती काळोख राहील. तिथे थांबा. तो काळोख काढला तर वेल दिसेनाशी होईल. पुढे रोज घातलंत की उरलेलं काम तुमचं मनगट करेल.

आतली बाजू मात्र उजळू नका. उथळ खोदलेली अक्षरं प्रत्येक घासण्याने आणखी उथळ होतात, आणि अक्षरांत बसलेल्या काळेपणामुळेच ती आता वाचता येतात. घालायला सुरुवात करण्याआधी तिरप्या उजेडात त्यांचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. रोज रात्री कडं काढल्यावर आतून कोरड्या सुती कापडाने घाम टिपा, नुसता दाबून, न चोळता.